माटोळीवरचा निबंध

आज सातवीच्या वर्गात प्रोजेक्टरवर गूगल डॉक्स उघडलं. विषय माटोळी, म्हणजे गोव्यात चवथीला गणपतीच्या वर बांधतात ती रानफळांची, पानाफुलांची आरास. काल मुलांनी आजीचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं होतं, अर्थात कोंकणीत. ते ऐकत मराठीत लिहायचं होतं. एकीनं आधी लिहिलं, ‘माटोळी सुंदर असते.’ तास संपता संपता त्याच जागी होतं, ‘कांगलां आणायला आजोबा पहाटेच रानात जायचे, येताना हातपाय ओरबाडलेले असायचे.’ (कांगलां म्हणजे माटोळीला बांधायची रानफळं.) मग जुन्या आवृत्त्या उघडून ते वाक्य कसं बदलत गेलं, ते सगळ्यांना दाखवलं. वहीत खोडलेलं मुलं लपवतात (मीही लपवायचे). इथे खोडलेलंच सगळे टक लावून वाचत होते. मध्येच नेट गेलं, तर पुढचं त्यांनी वहीत लिहिलं. घंटा झाली तरी कुणी उठेना.