उत्तर बॅटरसीचा तक्ता

आमच्या वाचनालयात शापुरजी सकलातवालांवर अर्धा तास बोलायचं मी कबूल केलं. मुंबईत जन्मलेला, जमशेदजी टाटांच्या बहिणीचा मुलगा, आणि लंडनमधून निवडून आलेला कम्युनिस्ट खासदार, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. मी ठरवलं, त्यांच्या मतदारसंघाचे सगळे निकाल तक्त्यात मांडून न्यायचे. जन्म बँकेत ताळे जुळवण्यात गेला, तेव्हा पाच रकान्यांचं काम म्हणजे एक दुपार. लागले सहा दिवस.

सुरुवात सोपी होती. उत्तर बॅटरसी १९१८ साली स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि १९८३ साली मोडला. टेम्सच्या काठची, रेल्वे आणि कारखान्यांतल्या कामगारांची ही वस्ती. १९४६ पासून शेवटपर्यंत डग्लस जे हे एकटेच खासदार. हुजूर पक्षाला ही जागा मिळाली ती फक्त एकदा, १९३१ साली. १९१८ साली मजूर पक्षातर्फे शार्लट डेस्पार्ड उभ्या होत्या, वय ७४. बायकांना संसदेची निवडणूक लढवता आली ती पहिल्यांदा त्याच वर्षी. त्या हरल्या, पण माझा त्या ओळीवरून हात निघेना.

मग आली खरी मेख. १९२२, २३ आणि २४, तीन वर्षांत तीन निवडणुका, आणि झुंज त्याच दोघांची: सकलातवाला विरुद्ध हॉगबिन. १९२२ ला सकलातवाला ११,३११, हॉगबिन ९,२९०. जुळलं. १९२३ ला हॉगबिन जिंकले, आघाडी १८६ ची. पण माझी वजाबाकी २१३ दाखवत होती. दोन आकड्यांतली तफावत २७. कारकुनी डोकं लगेच म्हणालं, ९ ने भाग जातोय, म्हणजे कुठेतरी अंकांची अदलाबदल झालीय. झालंच होतं तसं: १२,३४१ च्या जागी मीच १२,३१४ उतरवलं होतं. हॉगबिनचे १२,५२७ बरोबर होते. १९२४ ला सकलातवाला १५,०९६, हॉगबिन १४,५५४, फरक ५४२.

आकडे बसले, पण ‘पक्ष’ हा रकाना काही केल्या भरेना. हॉगबिन आधी राष्ट्रीय उदारमतवादी, मग नुसते उदारमतवादी, मग ‘घटनावादी’. आपल्याकडच्या लोकांनाच नावं ठेवतात! सकलातवाला पहिल्या दोन्ही वेळा मजूर पक्षाचे उमेदवार, पण खिशात कम्युनिस्ट पक्षाचं सभासदत्व. १९२४ साली मजूर पक्षाने कम्युनिस्टांना उमेदवारी बंद केली, तरी बॅटरसीतली मंडळी त्यांच्याच मागे राहिली. मग त्यांना कुठल्या नावाखाली लिहायचं? एका ठिकाणी १९२२ ला ‘कम्युनिस्ट’, दुसऱ्या ठिकाणी ‘मजूर’. दोन्ही खोडून झालं, पुन्हा लिहून झालं.

इलेक्शन ड्युटी तीनदा केलेला माणूस मी. म्हटलं, मतपत्रिकेवर काय छापलं होतं तेच लिहावं, आणि चिन्ह शोधायला बसलो. चिन्ह नव्हतंच. पक्षाचं नावही नव्हतं! ब्रिटनमध्ये उमेदवाराचं नाव, पत्ता, व्यवसाय, एवढंच छापत. पक्षाचा उल्लेख चालू लागला तो १९६९ च्या कायद्यानंतर. म्हणजे ज्या रकान्यापायी मी तीन दिवस घालवले, तो मतदाराच्या हातातल्या कागदावर नव्हताच. शेवटी रकान्याला नाव दिलं ‘कोणाच्या पाठिंब्यावर’, आणि पेन भराभर चाललं.

अडखळलो ते १९२९ च्या ओळीवर. तोवर मजूर पक्षाने बॅटरसीतली जुनी शाखा बाजूला काढून नवी उभी केली होती आणि सँडर्स यांना उभं केलं होतं. ते निवडून आले, हुजूर पक्षाचे मार्सडन दुसरे. सकलातवाला तिसरे. त्यांच्यापुढे ‘कम्युनिस्ट’ लिहिलं, या वेळी खोडावं लागलं नाही.