थिकनर निवडताना: केअर होममधला माझा अनुभव

थिकनर, म्हणजे पेय घट्ट करायचं साधन, ठरवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा पर्याय तीन होते: स्टार्चची पावडर, झँथन गमची पावडर आणि कंपनीकडून घट्टच होऊन येणारी तयार पेयं. आमच्या केअर होममध्ये गिळायला त्रास असलेले बरेच आजी-आजोबा आहेत. कुणाला पक्षाघातानंतर, कुणाला पार्किन्सनमुळे, कुणाला डिमेन्शिया वाढत गेल्यावर हा त्रास सुरू झालेला. पातळ पाणी घशात इतक्या झटकन उतरतं की श्वासनलिका मिटायच्या आतच थोडं तिकडे जातं. घट्ट पेय सावकाश उतरतं आणि गिळायला तेवढी उसंत मिळते. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींना पाणी फुप्फुसाकडे गेलं तरी ठसकाच लागत नाही, म्हणून वरवर बघून अंदाज बांधण्यात अर्थ नसतो. कुणाला किती घट्ट द्यायचं हे स्पीच थेरपिस्ट तपासून ठरवतात, गरज पडली तर गिळतानाचा एक्स-रे व्हिडिओ काढून. आम्ही सांभाळायचं ते एवढंच, की त्यांनी लिहिलेला घट्टपणा सकाळच्या चहात आणि रात्रीच्या औषधाच्या पाण्यात सारखाच असायला हवा.

आणि तिथेच घोळ होता. फाइलवर ‘लेव्हल २’ असा घट्टपणाचा आकडा लिहिलेला, पण पँट्रीत प्रत्येकाचा हात वेगळा. डब्यावर चमच्यांचं प्रमाण छापलेलं असतं खरं, पण ते बहुतेक पाण्यासाठी असतं. दूध, फळांचा रस आणि ताकदीसाठी देतात ती पोषक पेयं आपापल्या चालीनं घट्ट होतात.

म्हणून आधी मोजमाप बसवलं. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय पद्धतीत पेयांना ० (पातळ) ते ४ (सर्वांत घट्ट) अशा पातळ्या आहेत आणि तपासायला लागते फक्त १० मिलीची सिरिंज. दट्ट्या काढायचा, टोकावर बोट धरायचं, १० मिलीपर्यंत पेय भरायचं, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचं आणि पुन्हा बंद करायचं. आत १ ते ४ मिली उरलं तर लेव्हल १, ४ ते ८ उरलं तर २, आणि ८ च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर ३. काहीच वाहिलं नाही तर सिरिंज बाजूला ठेवून चमचा आणि काट्यानं तपासायचं. एक बारकावा मात्र आहे. सिरिंजवरच्या ० ते १० या खुणांमधलं अंतर ६१.५ मिलिमीटर हवं. सगळ्या सिरिंजा तशा नसतात. आमच्या स्टोअरमधल्या नव्हत्याच. पट्टी लावून बघितलं म्हणून कळलं.

मग दोन्ही पावडरी पाणी, दूध, चहा आणि रसात घालून बघितल्या. जे गरम द्यायचं ते गरमच तपासलं. स्टार्चचं पाणी ग्लासात ठेवलं की घट्ट होतच राहतं. लेव्हल २ चं म्हणून दिलेलं पेय हळूहळू पिणाऱ्या आजींच्या हातात शेवटी पार खळीसारखं झालेलं असतं. त्याच्या उलटही घडतं: लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च फोडतं, म्हणून ज्यांच्या तोंडात घोट रेंगाळतो त्यांच्याकडे तो पातळ होऊ लागतो. झँथनवर लाळेचा असा परिणाम होत नाही, पाणीही त्यात बऱ्यापैकी नितळ राहतं. पण दुधात ते घट्ट व्हायला वेळ घेतं. आमची घाईची मंडळी अजून झालं नाही म्हणून वरून आणखी चमचाभर टाकायची, की झाल्या गुठळ्या. आता नियम असा: पावडर एकदाच घालायची, काट्यानं भराभर ढवळायचं, थांबायचं. बिघडलं तर ओतून नवीन करायचं.

पारडं खऱ्या अर्थानं फिरलं ते बद्धकोष्ठाच्या औषधामुळे. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आमच्याकडे अनेकांना चालू आहे. ती स्टार्चनं घट्ट केलेल्या पाण्यात मिसळली की पाणी पुन्हा पातळ होऊ शकतं. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०२१ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. एवढं वाचल्यावर स्टार्च ठेवायला माझं मन होईना. स्टॉक बदलला आणि झँथनचं औषधांशी कसं जमतं तेही फार्मासिस्टकडून तपासून घेतलं. तयार पेयं प्रत्येक वेळी सारखीच निघतात, म्हणून ती रात्रपाळीसाठी ठेवली. दिवसभर तीच द्यायची तर चवी फार मोजक्या.

डब्यांचं कपाट आता कुलपात असतं. कोरडी पावडर तोंडात गेली तर लाळेनं फुगून घसा बंद होऊ शकतो. केअर होममधला एक मृत्यू असाच झाल्यावर एनएचएस इंग्लंडनं, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं, २०१५ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती. कुलूप लावण्याआधी आमचा डबा सरळ पलंगाशेजारच्या टेबलावर असायचा.

हे सगळं जमलं, तरी ग्लास रिकामे होईनात. आम्ही स्टाफनं एकेक ग्लास घट्ट पाणी पिऊन बघितलं. जिभेवर बुळबुळीत थर राहतो आणि तहान काही भागत नाही. एक आजोबा म्हणाले, “सिस्टर, हे पाणी प्यायचं की चावायचं?” त्यांचं काय चुकलं? घट्ट पेय घेणारे कमी पितात, मग लघवी कमी होते, जंतुसंसर्ग होतो, गुंगी येते. शिवाय फार घट्ट घोटाचा काही भाग घशात तसाच उरतो. म्हणून ‘जेवढं घट्ट तेवढं सुरक्षित’ हे मला पटत नाही. आता कोण किती प्यायलं ते चार्टवर लिहितो, थोडं थोडं पण वारंवार देतो आणि पाण्याऐवजी गार रस आधी पुढे करतो. जेली आणि आइसक्रीम मात्र बंद, कारण तोंडात विरघळली की ती पातळच.

ते आजोबा लेव्हल ३ वर होते. चार्ट दाखवून थेरपिस्टना पुन्हा तपासायला बोलावलं आणि त्यांनी लेव्हल २ चालेल असं ठरवलं. आजोबांना तेवढ्यानं समाधान नव्हतं. त्यांना साधं पाणी हवं होतं. डोकं अगदी ठिकाणावर असलेला माणूस, त्यांच्याशिवाय ठरवणार कसं? डॉक्टर, थेरपिस्ट, मुलगी आणि ते स्वतः असे सगळे बसले, धोका स्पष्ट बोलून झाला. चहा आणि औषधं लेव्हल २ ची, आणि जेवणानंतर तोंड स्वच्छ घासून, ताठ बसून, कुणीतरी शेजारी असताना साध्या पाण्याचे लहान घोट, असं ठरलं. फाइलमध्ये तसं लिहून ठेवलंय. ताप आला किंवा छाती भरली तर पुन्हा तपासणी.