तिनातला एक गेला

मे महिन्यातली दुपार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी कॉम्प्युटरचं सगळं बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढण्यापासून सर्व्हरपर्यंत. तीन-दहाला फोन वाजला: दोन नंबरचा सर्व्हर उत्तर देत नाही. गेटवर न्हावाशेवा बंदराला जाणारा ट्रक भरून उभा, मालासोबत लागणारं ई-वे बिल निघायचं बाकी, आणि बिल ज्यातून निघतं ते ईआरपीनेक्स्ट, म्हणजे आमचं हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर, नेमकं दोन नंबरवर.

जुन्या सॉफ्टवेअरच्या लायसनचं बिल बघून मालकांनी विचारलं होतं, "फुकटातलं काही नसतं का ओ?" मी आधी ओपनस्टॅकच्या मागे लागलो, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर आभासी मशिनं चालवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या. नासा आणि रॅकस्पेसनं २०१० मध्ये सुरू केलेला प्रकल्प, नाव मोठं. पण त्यात ही मशिनं चालवायला नोव्हा, नेटवर्कला न्यूट्रॉन, डिस्कला सिंडर, लॉगिनला कीस्टोन, प्रत्येकाचा संसार वेगळा. तीन आठवडे घालवल्यावर कळलं, हे म्हणजे आठ माग चालवायला सूतगिरणी विकत घेणं. शेकडो सर्व्हर आणि ते सांभाळणारी टीम असेल त्यांनी जरूर वापरावं. आमच्याकडे सर्व्हर तीन आणि टीम म्हणजे मी. शेवटी त्याच कामाचं, पण आटोपशीर प्रॉक्समॉक्स बसवलं. खाली डेबियन लिनक्स, त्यावर आभासी मशिनं चालवणारं केव्हीएम, आणि तिन्ही सर्व्हर ब्राउझरच्या एकाच पानावर. डेटासाठी सेफ (Ceph) नावाचं सॉफ्टवेअर, म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन सर्व्हरवर.

मालकांना मी मागाच्या भाषेत सांगितलं होतं: माग बंद पडला तर विणकर शेजारच्या मागावर बसतो. आपल्याकडे बीमसुद्धा, म्हणजे सुताचा रूळ, इथे आपला डेटा, तिन्ही मागांवर तोच चढवलेला आहे, त्यामुळे विणकर हलला की काम सुरू.

त्या दुपारी तसंच झालं. उरलेल्या दोघांनी मिनिटभर वाट पाहिली, दोन नंबर गेला असं ठरवलं आणि ईआरपीचं मशिन एक नंबरवर नव्यानं सुरू केलं. मी जिना चढून सर्व्हर रूमपर्यंत पोचेतो डिस्पॅचच्या मुलीनं बिल काढलंही होतं. "सर, मधेच लॉगआउट झालं होतं," एवढीच तिची तक्रार.

माझा घाम मात्र त्यानंतर फुटला. खोलीत एसी चालू, तरी तीन नंबरच्या प्रोसेसरचं तापमान ९६ अंश. तो गेला असता तर खेळ खलास. तिघांत दोघांचं बहुमत असेपर्यंतच हा कारभार चालतो. एकटा उरलेला सर्व्हर स्वतःच्या भरवशावर काम रेटत नाही, तो स्वतःलाच रीबूट करून घेतो. कारण त्याला कळणार कसं, बाकीचे मेलेत की नुसती वायर निघालीय? दोन्हीकडून एकाच डिस्कवर लिहिणं सुरू झालं तर डेटाचा चिवडा होतो. सेफचंही तेच. दोन प्रती हाताशी नसतील तर तो लिहिणं थांबवतो. मुकाट्यानं चुकण्यापेक्षा थांबलेलं बरं हे मला पटतं, पण ट्रकवाल्याला कोण पटवणार?

दोन नंबर टेबलावर आणून झाकण काढलं. आत पांढरी गादी. शेडमधून उडणारे कापसाचे तंतू महिनोनमहिने आत ओढले जाऊन प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या तांब्या-अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये इतके घट्ट बसले होते, की बोटानं सोलले तर टॉवेलचा तुकडाच निघावा. मागांची जॉबरगिरी, म्हणजे दुरुस्ती-देखभाल, करणारे अण्णा डोकावले.

"काय बे, तुझ्या मशिनलापण तेच झालं की. आम्ही रोज हवा मारतो मागाला. तू कधी मारली?"

कधीच नाही.

अण्णांनी कॉम्प्रेसरची गन आणली. आधी टाकीतलं पाणी सोडलं, ओलसर हवा आत जाऊ नये म्हणून; मला हे सुचलं नसतं. मी पंख्यात पेन्सिल अडकवून धरली, नाहीतर हवेच्या झोतानं पातं भिंगरीसारखं फिरून बेअरिंग जातं. फुर्रर्र करून ढग उठला आणि दोघंही पांढरे झालो.

दोन नंबर चालू केला. सेफनं मधल्या वेळात झालेल्या नोंदी त्याच्यावर उतरवल्या, पिवळा इशारा हिरवा झाला. मग तीन नंबरवरची मशिनं चालू अवस्थेतच दोनवर सरकवली, तीन बंद करून झाडला. नंतर एक. दिवसभरात बंद झालेले सर्व्हर तीन, आणि ऑफिसात कळलं फक्त त्या एका लॉगआउटचं.

संध्याकाळी मालक म्हणाले, "बघा, फुकटचं असून चाललं." मी दोन फिल्टर, दरवाजाला रबर आणि एका जादा सर्व्हरचा खर्च कागदावर लिहून पुढे केला. फिल्टर आणि रबर मंजूर झाले.

माग साफ करायच्या दिवशी अण्णा आता सर्व्हर रूमचं दारही वाजवतात.