जाड मुलाला 'कमी खा' सांगण्याआधी हे वाचा

मूल जाड असलं की येणारा-जाणारा दोनच सल्ले देतो, खाणं कमी करा आणि पळवा त्याला. सल्ला चुकीचा नाहीये पण अर्धवट आहे. तेच मूल सारखं चिडचिड करतं, खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून बाजूला बसतं, चॉकलेटचे रिकामे रॅपर चुरगळून दप्तराच्या तळाशी लपवतं, आणि आपण म्हणतो लाडावलंय, आळशी झालंय. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण बरेचदा ते मूल आतून घाबरलेलं असतं.

शरीरात काय होतं बघा. ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी किडनीच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना, आणि तिथून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, रक्तात येतं. पेपरपुरता किंवा भांडणापुरता ताण असेल तर काही बिघडत नाही, ते चढतं आणि उतरतं. पण वर्गात रोज कोणीतरी चिडवतंय, घरी रोज जेवताना टोमणे, त्यात झोप अपुरी (६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते हो!), असं असेल तर शरीराला निवांतपणाच मिळत नाही. मग गोड, तेलकट खावंसं वाटतं आणि खाल्लं की थोडा वेळ खरंच बरं वाटतं. म्हणजे मूल हावरट नसतं, मन शांत करायचा जो एक मार्ग त्याला सापडलाय तो ते वापरतं. त्यात पोटाच्या आतल्या चरबीवर कॉर्टिसॉलचा परिणाम जास्त होतो, म्हणून चरबी नेमकी तिथे साठते, आणि चरबीतलं एक एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोनपासून पुन्हा कॉर्टिसॉल बनवतं. वजन वाढलं की चिडवणं वाढतं, की परत ताण.

मोजायचं म्हटलं तर पंचाईत अशी की सुई बघूनच मुलाचं कॉर्टिसॉल वाढू शकतं, शिवाय ते सकाळी खूप आणि मध्यरात्री अगदी कमी असतं. म्हणून संशोधक लाळ किंवा केस घेतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, त्यामुळे डोक्याच्या मागून मुळाशी कापलेल्या ३ सेंमी केसांत मागच्या ३ महिन्यांचा अंदाज येतो. काही अभ्यासांत लठ्ठ मुलांच्या केसांत कॉर्टिसॉल जास्त सापडलंय, पण सगळीकडे निकाल सारखे नाहीत, आणि आधी ताण की आधी वजन हे त्यातून ठरत नाही.

मनावरचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात खूप लठ्ठ मुलांनी आपलं रोजचं जगणं कसं चाललंय याची जी उत्तरं दिली, ती कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या उत्तरांच्या जवळपास होती. मला हे वाचून सुन्न व्हायला झालं.

म्हणून लगेच कॉर्टिसॉलची टेस्ट करायला धावू नका प्लीज. कुशिंग सिंड्रोम, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल फार जास्त राहिल्याने होणारा आजार, मुलांमध्ये फार क्वचित होतो. वजन वाढतंय पण उंची वाढायची मंदावलीये असं दिसलं तर मात्र डॉक्टरांना नक्की दाखवा, कारण एरवी लठ्ठ मुलं बहुतेक वेळा वयाच्या मानाने उंचच असतात. आणि डॉक्टरांकडे गेलात की मुलासमोर "हा ऐकतच नाही" म्हणून तक्रार करू नका. झोप कशी आहे, शाळेत कोण काय बोलतं, हे त्याचं त्याला सांगू द्या, गरज वाटली तर काउन्सेलरकडेही न्या.