काचेच्या पाठीवरचे संत

रोमानियातल्या सिबिऊ शहराच्या स्टेशनातून पश्चिमेकडे जाणारी पॅसेंजर बाहेर पडली की थोड्याच वेळात डाव्या हाताला चिंद्रेलचे डोंगर दिसायला लागतात. त्यांच्या पायथ्याशी मेंढपाळांच्या गावांचा एक पट्टा आहे. उन्हाळ्यात कळप घेऊन वर जायचं आणि थंडी पडली की खाली मैदानात उतरायचं, असं इथल्या माणसांचं पिढ्यानपिढ्यांचं आयुष्य. सिबिएल हे त्यातलंच एक गाव. रोमानियात, त्यातही त्रान्सिल्वानियात आलेले बहुतेक लोक ड्रॅक्युलाच्या नावानं ओळखला जाणारा ब्रानचा किल्ला बघून परततात. मी मात्र सिबिएलसाठीच आले होते, कारण काचेवर काढलेल्या संतचित्रांचं युरोपातलं सर्वांत मोठं संग्रहालय या एवढ्याशा गावात आहे.

स्टेशनावरून गावात जायला चालावं लागतं. शेतं, मग ओढा, मग ओढ्याच्या काठाकाठानं लागून असलेली घरं. प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूनं उंच लाकडी दरवाजा, आत फरसबंद अंगण. मी ज्यांच्याकडे उतरले त्या आजींना इंग्रजीची दोन-चार वाक्यंच येत होती, पण त्यांनी सूप आणि मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला ममलिगा समोर ठेवला आणि हाताला धरून थेट आतल्या खोलीत नेलं. पूर्वेकडच्या भिंतीवर संत निकोलसचं एक जुनं काचचित्र, त्यावर दोन्ही बाजूंनी सोडलेला भरतकामाचा लांब टॉवेल, खाली मेणबत्तीची जागा. आपल्या देवघराला जो मान, तोच या भिंतीला. त्यांच्या सासूबाईंच्या माहेरून आलेलं चित्र होतं ते.

संग्रहालय गावातल्या अठराव्या शतकातल्या चर्चला लागूनच आहे, आणि ते उभं राहिलं त्याची गोष्ट चित्रांइतकीच महत्त्वाची आहे. झोसिम ओआंचा हे ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्व युरोपातल्या ख्रिस्ती पंथाचे, धर्मगुरू. कम्युनिस्ट राजवटीनं त्यांना १९४८ साली अटक केली आणि पुढची सुमारे पंधरा वर्षं त्यांनी तुरुंगात आणि सक्तमजुरीत काढली. सुटल्यावर त्यांची नेमणूक सिबिएलला झाली. इथे त्यांनी गावकऱ्यांना सांगितलं, माळ्यावर, कोठारात, अडगळीत पडलेली जुनी काचचित्रं चर्चला आणून द्या. लोकांनी दिली. आधी आसपासच्या गावांतून आणि मग पार दूरच्या जिल्ह्यांतूनही चित्रं येत गेली. १९६९ साली संग्रह सुरू झाला, आज त्यात सुमारे सहाशे चित्रं आहेत. ज्या सरकारनं धर्मगुरूंना तुरुंगात डांबलं होतं त्याच सरकारच्या नाकासमोर, लोककला म्हणून, हे सगळं जपलं गेलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आत शिरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो लाल रंग. मग निळा, मग वर्खाचा पिवळा झगमगाट. पण डोळे सरावले की लक्षात येतं, या चित्रांचा पृष्ठभाग सपाट नाहीच. जुनी काच तोंडानं फुंकून केलेली, म्हणून तिला लाटा आहेत, बुडबुडे आहेत, एका कडेला जाड तर दुसरीकडे पातळ. आपण एक पाऊल सरकलो की संताच्या अंगरख्यावरून उजेड वाहत जातो. समोर ताठ उभं राहून फोटो काढला तर यातलं काहीच येत नाही. खिडकीच्या बाजूला सरकावं, मान तिरकी करावी आणि मग बघावं. माझ्या मते या चित्रांचं अर्धं श्रेय काच करणाऱ्या भट्टीवाल्यांना जातं. फागाराशच्या डोंगरांच्या उत्तर पायथ्याशी अवरिग, पोरुंबाकु या भागात सतराव्या शतकापासून काचेच्या भट्ट्या होत्या. जंगलातलं लाकूड जळणाला आणि राखेला, ओढ्यातली वाळू काचेला.

सुरुवात मात्र इथून बरीच उत्तरेला, गेर्ला शहराजवळच्या निकुला गावात झाली. तिथल्या लाकडी चर्चमध्ये १६८१ साली लुका नावाच्या चित्रकारानं फळीवर रंगवलेलं मेरीमातेचं चित्र होतं. १६९९च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या चित्रातल्या मातेच्या डोळ्यांतून अश्रू आले अशी वार्ता पसरली आणि निकुलाला यात्रा भरू लागली. आजही १५ ऑगस्टला, मेरीमातेच्या सणाला, तिथे प्रचंड गर्दी होते. यात्रा म्हटली की घरी न्यायला काहीतरी हवंच. फळीवरचं चित्र म्हणजे वाळवलेलं लाकूड, त्यावर खडूचा लेप, सोनं, महिनोन्महिन्यांचं काम. गरीब शेतकऱ्याला ते परवडणं शक्य नव्हतं. हॅब्सबर्ग साम्राज्यातल्या बोहेमिया, ऑस्ट्रियाकडे आणि शेजारच्या बव्हेरियात काचेच्या मागून रंगवायची पद्धत होतीच, ती इथवर पोहोचली आणि अठराव्या शतकात निकुलाची घरंच्या घरं चित्रं रंगवायला बसली. घरातलं एक माणूस रेघ काढायचं, बाकीचे रंग भरायचे. मग ती चित्रं पाठीवरच्या लाकडी खोक्यात घालून गावोगाव विकायला निघायचं. या फेरीवाल्यांबरोबर ही कला दक्षिणेला ब्राशोवच्या श्केइ वस्तीत, फागाराशमध्ये, सेबेशच्या खोऱ्यात आणि सिबिएलच्या या पट्ट्यात रुजली.

प्रत्येक ठिकाणची शैली वेगळी आणि संग्रहालयात ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं. निकुलाची चित्रं लहान, मोजक्या रंगांची, घाईनं काढल्यासारखी. पण त्या घाईतही एक ठसका आहे. फागाराशकडची जास्त नटलेली. अर्पाशु दे सुस गावच्या सावु मोगाचं (१८१६–१८९९) काम मला सगळ्यांत आवडलं. त्याचे निळे-हिरवे रंग थंड आणि स्वच्छ, चेहरे शांत, झग्याच्या घड्या जाणत्या हाताच्या.

रंगवायची पद्धत वाचून कळत नाही, बघावी लागते. सिबिऊला परतल्यावर एका चित्रकार बाईंच्या घरी मी दुपारभर बसले. त्यांनी आधी काच व्हिनेगरनं पुसली. बोटाचा तेलकटपणा राहिला की रंग तिथे धरत नाही आणि काही वर्षांनी नेमका तिथूनच सुटतो, म्हणून दोन ठोकळ्यांवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवून हात तिच्यावर टेकवायचा, काचेला स्पर्श होऊ द्यायचा नाही. काचेखाली कागदावरचा नमुना. हे नमुने वडिलांकडून मुलाकडे, सासऱ्याकडून सुनेकडे चालत आलेले असतात. काजळीचा काळा रंग, अंड्याचा बलक आणि व्हिनेगरचे थेंब एका बशीत घोटून त्यांनी बारीक कुंचल्यानं पहिली रेघ ओढली. पूर्वी मांजराच्या शेपटीचे केस हंसाच्या पिसाच्या दांडीत बसवून असे कुंचले करत.

आता इथून सगळं उलटं. कागदावर किंवा कॅनव्हासवर आपण आधी पार्श्वभूमी भरतो, मग अंगरखा, मग चेहरा आणि शेवटी डोळ्यातला तो पांढरा ठिपका. काचेवर तो ठिपका सर्वांत आधी. तो वाळला की त्याच्यावर काळं बुबुळ. गालावरची लाली आधी, चेहऱ्याचा रंग नंतर. झग्याची नक्षी, मग घड्यांच्या सावल्या, मग झगा. फुलं आधी आणि आकाश त्यांच्या मागून. शेवटी वर्ख चिकटवायचा, म्हणजे प्रभावळीची जी जागा रिकामी सोडली होती तिथून तो चमकतो. वाळलेली रेघ चुकली तर टोकदार काडीनं खरवडता येते, पण एकदा मागून रंग चढला की संपलं. पुढून दिसणाऱ्या भागाला हात लावायची सोयच उरत नाही. बाईंनी काच उचलून उलटी केली तेव्हा इतका वेळ मला जो रंगांचा चिखल दिसत होता त्याच्या पलीकडून एक चेहरा नीट माझ्याकडे बघत होता. पाहणाऱ्याला जे सर्वांत वर दिसतं ते चित्रकारानं सर्वांत आधी केलेलं असतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या चित्रकारानं सकाळी ओढलेली पहिली रेघ आजही कुठल्याही रंगाखाली दबलेली नाही. मला या कलेचं प्रेम आहे ते याच कारणानं.

आणखी एक गंमत. नमुना जसाच्या तसा गिरवला तर चित्र आरशातल्यासारखं उलटतं. म्हणून काही संत डाव्या हातानं आशीर्वाद देतात, आणि काही ठिकाणी नाव लिहिताना एखादं अक्षर उलटं राहून गेलेलं असतं. रोमानियन भाषा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सिरिलिक लिपीत, म्हणजे रशियन लिहितात त्या लिपीत, लिहीत, त्यामुळे जुन्या चित्रांवरची नावं सिरिलिकमध्ये आहेत. पुष्कळ चित्रकारांना अक्षरओळख बेताचीच. अक्षर हेही त्यांच्या दृष्टीनं एक चित्रच होतं.

विषय शेतकऱ्याच्या गरजेप्रमाणे निवडलेले. संत इलिए म्हणजे बायबलमधला एलिया, अग्निरथात बसून आकाशात चाललेला. वीज आणि पाऊस त्याच्या हातात, म्हणून पीक सांभाळणारा. संत जॉर्ज पांढऱ्या घोड्यावरून अजगराला भाला खुपसतो, आणि अजगर इतका गोड हिरवा असतो की त्याची दया येते. संत हारालांबिएच्या चित्रापुढून मात्र मला हलवेना. म्हातारा दाढीवाला धर्मगुरू शांतपणे उभा आहे आणि त्याच्या पायाखाली साखळीनं बांधलेली प्लेगची साथ, सांगाड्यासारख्या रूपात. माणसांची आणि गुरांची रोगराई ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांनी हे घरात लावलं होतं. येशूच्या कुशीतून द्राक्षवेल उगवते आणि तो स्वतःच्या हातांनी त्या वेलीचे घड पेल्यात पिळतो, हे चित्र तर इथे घरोघरी असायचं. वेल खिडकीसारखी चौकट करून सगळीकडून फिरते आणि चित्रकाराला पानं काढायची मनसोक्त संधी मिळते.

सिबिऊच्या मोठ्या लुथरन चर्चमध्ये रंगीत काचेच्या खिडक्याही पाहिल्या. तिथलं तंत्र निराळं. काचेची पूड मिसळलेला रंग भट्टीत भाजून काचेशी एकजीव करतात आणि उजेड पलीकडून आरपार येतो. शेतकऱ्यांच्या चित्रांत भट्टी नाही. रंग नुसता काचेला चिकटलेला, मागे देवदाराची फळी, आणि उजेड पुढून येऊन परत फिरतो. म्हणूनच ती नाजूक. काच काही शोषून घेत नाही, बलकाची पकड दमट भिंतीवर ढिली पडते आणि रंगाचे पापुद्रे सुटून फळी आणि काच यांच्या फटीत साचतात. सिबिएलमध्ये काही चित्रांतल्या संतांचे अर्धे झगे असे गेलेले आहेत. मागची फळी उघडायचा मोह घरच्या कुणालाही होऊ नये, ते काम जाणत्या माणसाचंच.

काचेच्या मागून रंगवायची ही रीत आपल्याकडेही आली, पण दुसऱ्या वाटेनं. अठराव्या शतकात चीनशी चाललेल्या समुद्री व्यापारातून ती भारतात पोहोचली, तंजावरला मराठा राजांच्या काळात बहरली, आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही काचचित्रं पाहायला मिळतात. पुण्याच्या लोकांनी ती तिरक्या उजेडात पुन्हा एकदा जरूर पाहावीत.

त्रान्सिल्वानियातला हा धंदा मोडला तो छापील रंगीत कागदी चित्रांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती स्वस्तात मिळू लागली आणि फेरीवाले त्यांच्याकडे वळले. तरी काही घराण्यांनी हात सोडला नाही. सेबेशच्या खोऱ्यातल्या लाझ गावात पोयेनारु घराण्यानं हे काम पिढ्यानपिढ्या केलं. आज सिबिऊच्या आसपास नव्यानं शिकलेले पुष्कळ चित्रकार आहेत.

जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. रोमानिया १ जानेवारी २०२५पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, पूर्णपणे सामील झाला आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसावर जाता येतं. राजधानी बुखारेस्टहून सिबिऊला रेल्वेनं बरेच तास लागतात, पण शेवटी फागाराशच्या रांगेच्या कडेकडेनं गाडी जाते तेव्हा खिडकीची जागा सोडू नका. सिबिएलला मुक्काम करा, दिवसभराच्या सहलीत संग्रहालय घाईत उरकावं लागतं. चित्र विकत घ्यायचं असेल तर आधी मागची बाजू दाखवायला सांगा. हातानं रंगवलेलं असेल तर तिथे रंगांचे एकावर एक थर आणि कुंचल्याचे फटकारे दिसतात. छापील कागद काचेला चिकटवलेला असेल तर तेही तिथेच कळतं. जुनी काच आता मिळत नाही, पण काही चित्रकार पाडलेल्या घरांच्या खिडक्यांच्या काचा जमवून वापरतात, तशी आहे का हे विचारा. आणि घेतलंत तर विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, घरी आल्यावर बाहेरच्या पावसाळी भिंतीवर लावू नका.