स्कोअर वाढला, तरी आजार उतरत होता

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते, तेथे सीटी स्कॅन सेंटरच्या पायऱ्यांवर बसलेला प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारत असे : स्कोअर किती आला? फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येक खंडाचा किती भाग बाधित आहे त्यानुसार शून्य ते पाच गुण आणि एकूण २५ पैकी बेरीज, असा तो हिशेब होता. आजार किती जागेत पसरला, एवढेच ती बेरीज सांगते; तो किती दाट आहे आणि तापाचा कितवा दिवस आहे, हे तिच्यात कुठेच येत नाही. तरीही रुग्णाला नागपूरला हलवायचे की नाही, हे लोक त्या आकड्यावर ठरवत.

अशाच एका पन्नाशीतल्या कापूस उत्पादकाचा तिसरा स्कॅन माझ्यासमोर आला. तापाच्या चौथ्या दिवशी त्यांचा स्कोअर ६ होता, नवव्या दिवशी १५. त्या दिवशी ऑक्सिजन ८६ वर उतरल्याने त्यांना दाखल करून घेतले होते. आता सोळावा दिवस होता, ताप गेला होता आणि दोन लिटर ऑक्सिजनवर ९४ टिकत होते. खरे तर अशा रुग्णाला पुन्हा स्कॅन करण्याची गरज नव्हती, असे माझे आजही मत आहे. पण घरच्यांनी आग्रह धरला होता आणि रुग्णवाहिका दाराशी उभी होती. मी गुण मोजले. बेरीज १७ आली.

आकडा फोनवर सांगण्याआधी मी नवव्या आणि सोळाव्या दिवसाच्या प्रतिमा एकाच पातळीवर आणून शेजारी शेजारी लावल्या. जुन्या प्रतिमेत उजव्या खालच्या खंडाचा पाठीकडचा भाग इतका पांढरा होता की त्यातल्या रक्तवाहिन्या दिसेनाशा झाल्या होत्या. फक्त हवा भरलेल्या श्वासनलिका काळ्या फांद्यांसारख्या उमटल्या होत्या. यालाच आम्ही कन्सॉलिडेशन म्हणतो. नव्या प्रतिमेत त्याच जागी धूसर करडेपणा होता आणि त्यातून रक्तवाहिन्या स्पष्ट मोजता येत होत्या, म्हणजे वायुकोशांत हवा परतू लागली होती. हाच पातळ धूसरपणा दोन्ही वरच्या खंडांत मात्र पाव भागाची मर्यादा ओलांडून गेला होता आणि प्रत्येकी एकेक गुण वाढला होता. श्वास अर्धवट घेतला तरी फुप्फुस खोटे करडे दिसते, म्हणून श्वासनलिकेची मागची भिंतही पाहिली. ती आत वळलेली नव्हती. रुग्णाने श्वास नीट भरून रोखला होता.

फिजिशियनना मी हे सविस्तर सांगितले. साध्या स्कॅनमध्ये फुप्फुसातली रक्ताची गाठ दिसत नाही, त्यामुळे डी-डायमर (रक्तात गाठ झाल्याची शंका दाखवणारी रक्ततपासणी) आणि पायांची सूज पाहून घ्या, हेही सुचवले. त्यांनी त्या दोन्ही गोष्टी आधीच तपासल्या होत्या.

मुलाला समजावणे अधिक अवघड गेले. ‘‘दोननं वाढला म्हणता, अन् बाबा बरे होऊन रायले म्हणता, हे कसं काय मॅडम?’’ त्याचा प्रश्न रास्त होता. बांध फुटला की खोलगट वावरातले ढोपरभर पाणी दूरवर पसरते, पण घोट्याइतकेच उरते, असे मी म्हटले. त्याने मान हलवली, पण विश्वास बसल्याचे दिसेना. मग त्याला स्क्रीनजवळ बोलावून जुन्या प्रतिमेतली हरवलेली आणि नव्या प्रतिमेत परत आलेली तीच रक्तवाहिनी पेनाने दाखवली. ती त्याने दोनदा पाहिली आणि रुग्णवाहिकेच्या चालकाला फोन लावला. त्या आठवड्यात नागपुरात खाटा मिळणे दुरापास्त होते, हेही त्यामागे असेलच.

वडील तालुक्याच्या दवाखान्यातच बरे झाले. सोयाबीनच्या डवरणीच्या वेळी चालताना दम लागतो म्हणून ते पुन्हा आले, तेव्हा धूसरपणा पूर्ण गेला होता आणि दोन्ही खालच्या खंडांत पाठीकडे बारीक रेषा उरल्या होत्या. अहवालात मी त्या रेषांची जागा लिहिली, स्कोअरचा रकाना कोरा ठेवला आणि पुढचा स्कॅन दम वाढला तरच करावा, अशी शिफारस केली.