घाटातले चार सेकंद

इंदूरच्या सायकलवाल्यांच्या नशिबी घाट उलटा येतो. पुण्याची मंडळी सिंहगड आधी चढतात, मग उतरतात. आपण बसलोय माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, आणि विंध्याची कड ओलांडली की नर्मदेकाठचं मंडलेश्वर १५०च्या आसपास. त्यामुळे महूहून जाम दरवाजा, म्हणजे विंध्याच्या कडेवरची जुनी वेस, गाठून पुढे निमाडात उतरायचं ते पहाटेच्या गारव्यात, आणि चढायचं परतताना, ऊन डोक्यावर घेऊन. सिमरोलच्या पुढे चोरलकडे उतरणाऱ्या घाटाचंही तेच. जानापावचा डोंगर तेवढा सरळमार्गी. आधी चढ, मग पोहे.

या परतीच्या चढावर राजेंद्रनगर-लोकमान्यनगरातून पहाटे निघालेल्या कुठल्याही ग्रुपचं चित्र सारखंच असतं. बासष्ट किलोची शिडशिडीत पोरं वळणाआड गेलेली. मागे शंभर किलोचा एक गडी सगळ्यात हलक्या गिअरवर, घामाने निथळत, ताशी सात-आठ किलोमीटरने चढत असतो. मागून येऊन त्याला ओलांडणाऱ्याला वाटतं, काहीतरी बोलावं. वाटतं ते चांगलंच आहे, पण जे बोललं जातं त्यातलं निम्मं पोटात राहिलेलं बरं.

आधी हिशेब बघू, कारण हा हिशेब कळला की निम्मी वाक्यं आपोआप गळतात. सहा टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर. शंभर किलोचा माणूस आणि चौदा किलोची त्याची हायब्रिड सायकल ताशी आठ किलोमीटरने वर न्यायची तर पायांनी साधारण १६५ वॉट द्यावे लागतात. बासष्ट किलोचा पोरगा आणि त्याची दहा किलोची रोडबाइक त्याच वेगाने चढवायला लागतात १०५ च्या आसपास. त्या पोराने १६५ वॉट दिले तर तो बाराच्या जवळपास वेगाने निघून जाईल. थोडक्यात, आठने चढणारा जाडा आणि त्याला बाराने ओलांडणारा बारका, दोघांचं इंजिन बरोबरीचं चाललंय. फरक आहे तो ओझ्याचा. मिगेल इंदुरेन हा ऐंशी किलोच्या घरातला उंचपुरा स्पॅनिश सायकलपटू १९९१ ते १९९५ अशी पाच वर्षं ओळीने टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकला, आणि डोंगरात त्याच्याशी झुंजणारे बहुतेक जण त्याच्याहून बरेच हलके होते. आणि हो, सकाळी मंडलेश्वरच्या उतारावर हाच शंभर किलोचा गडी सगळ्यांना मागे टाकून गेला होता. उतारावर वजन मदतीला येतं. तेव्हा त्याला कुणी ‘शाब्बास’ म्हणालं नव्हतं.

तर बारा आणि आठ, फरक ताशी चार किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला मीटरभर. मागच्या चाकापासून दोन मीटरवर आलात की बोलायला सुरुवात होते आणि तीन मीटर पुढे गेलात की तुमचं बोलणं वाऱ्यावर. हातात सेकंद राहतात चार, फार तर साडेचार. त्यात एक छोटं वाक्य मावतं, सल्ला मावत नाही. आणि समोरचा माणूस दमाच्या अशा टप्प्यावर असतो की त्याच्या तोंडून एका वेळी दोन शब्दांपेक्षा जास्त निघत नाहीत. म्हणून प्रश्न विचारू नका. ‘कसं वाटतंय?’ला उत्तर द्यायचं म्हणजे एक श्वास वाया. चढणाऱ्यांपैकी काहींना तुमच्या बोलण्याला हात वर करून दाद द्यावीशी वाटते. ताशी सहाच्या वेगात हँडलवरचा हात सुटला की सायकल हातभर तरी डोलते, आणि तुम्ही असता नेमके त्या हातभर अंतरात.

आता न बोलायचं काय. ‘छान, असंच करत राहा, वजन झर्रकन उतरेल.’ तो वजन उतरवायला आलाय हे तुम्हाला कुणी सांगितलं? कदाचित जाम दरवाज्याचा भुट्टा खायला आला असेल. एक सोपी कसोटी आहे: हेच वाक्य तुम्ही पिंडऱ्यांच्या शिरा फुगलेल्या, पन्नाशी-साठीतल्या काटक सायकलवाल्याला म्हणाल का? म्हणणार नसाल, तर इथेही नको. ‘हिंमत आहे हं तुमची’ हे त्याच जातीतलं. संबोधनातही लोक घसरतात. वजन जास्त दिसलं की तिशीतल्या मुलाचा ‘काका’ आणि तिशीतल्या मुलीची ‘काकू’ होते, हा आपल्याकडचा जुना अन्याय. दादा-ताई म्हणा. अनोळखी असेल तर इंदुरात ‘भिया’ आहेच, तो वय बघत नाही आणि कंबरही बघत नाही. आणि मोबाइल काढून शूटिंग तर मुळीच करू नका. हेतू कितीही चांगला असो, चढावर तोंड वासलेला आपला चेहरा कुणालाच बघायला आवडत नाही.

सगळ्यात मोठं पाप म्हणजे ‘झालंच, थोडंच राहिलंय.’ चढणारा माणूस उरलेला दम त्या वाक्यावर बेतून खर्च करतो. वळण येतं, वळणामागे आणखी चढ दिसतो, आणि पाय तिथेच सुटतात. खोट्या धीरापेक्षा खरी वाईट बातमी परवडते. फ्रान्समधल्या आल्प द्युएझच्या घाटात एकवीस वळणं आहेत, प्रत्येकावर आकड्याची पाटी, आणि आकडे खालून वर उतरत जातात, एकवीस, वीस, एकोणीस. चढणाऱ्याला दर क्षणी ठाऊक असतं की किती उरलं. आपल्या घाटांत अशी सोय नाही, मग ती पाटी तुम्हीच व्हा. ‘दोन वळणं, मग सपाट.’ ‘पुढचं वळण तिखट, नंतर सैल.’ ‘डावीकडे खडी पडलीये.’ ‘मागून ट्रक.’ रस्ता ठाऊक असेल तरच सांगायचं. ठाऊक नसेल तर ‘चलो भिया’ पुरे, आणि तेही ज्या सुरात तुम्ही आपल्या जोडीच्या सायकलवाल्याला म्हणाल त्याच सुरात, लहान मुलाला पहिली पायरी चढताना म्हणतात त्या सुरात नव्हे.

‘गिअर टाक, हलका टाक!’ हे ओरडणं दिसतं मदतीचं, पण करतं नुकसान. तो बहुधा शेवटच्या गिअरवर आधीच असतो. नसला आणि तुमचं ऐकून त्याने पेडलवर पूर्ण जोर असताना पेडलजवळच्या मधल्या चेनरिंगवरून (दातेरी चकतीवरून) छोटीवर चेन टाकली, तर चेन आतल्या बाजूला पडते. मागचा गिअर जोरात टाकला तर चेन दातांवरून उडते, कधी तुटतेही. वजनदार माणसाच्या पायाखाली चेनवर येणारा ताण मुळातच मोठा असतो. गिअर बदलायचा तो चढ लागण्याआधी, आणि चढावरच बदलावा लागला तर दोन-तीन पेडल जोर लावून थोडा वेग घ्यायचा, मग अर्धा फेरा पाय सैल सोडून तेवढ्यात बदलायचा. हे सांगायची जागा घाटाच्या पायथ्याशी किंवा आदल्या रविवारी.

खरं तर बोलण्याआधी त्याच्या गिअरचे दात मोजावेत. पुढची चकती ३४ आणि मागची सगळ्यात मोठी २८ दातांची असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटर पुढे जाते. ताशी सात किलोमीटरने चढायचं तर मिनिटाला जेमतेम पंचेचाळीस फेरे पडतात, आणि सगळा भार गुडघ्यांवर. तेच जुन्या एकवीस गिअरवाल्या सायकलला पुढे २४ आणि मागे २८ असेल तर एका फेऱ्यात पावणेदोन-दोन मीटर, आणि पाय साठच्या वर आरामात फिरतात. बारीक माणसाची रोडबाइक बघून वजनदार माणसाने तीच घेतली की घाटात त्याचे हाल होतात, आणि लोक म्हणतात, ‘स्टॅमिना नाही.’ मागे ३४ किंवा ३६ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि तिला झेपेल असा लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन सरकवणारा भाग) बसवला की तोच माणूस बसल्या जागी गुणगुणत चढतो. दहा प्रोत्साहनांपेक्षा सायकलच्या दुकानातला हा एक तास जास्त कामाचा.

ओलांडण्याची रीत आता. दहा मीटर मागे असताना एकदा घंटी, मग ‘उजवीकडून’ एवढंच. थेट कानामागे येऊन ओरडलात तर दचकून तो नेमका उजवीकडे वळेल. दीड मीटर जागा सोडा. वळणावर ओलांडू नका, डाव्या वळणावर तर नाहीच: वळणाच्या आतल्या बाजूला चढ सगळ्यात तीव्र असतो, तो टाळायला तुमचा गडी बाहेर येणार, आणि तो त्याचा हक्क आहे. पावसाळ्यात जिथे डोंगरातून पाणी झिरपतं तिथे रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं, तेव्हाही तो मध्ये सरकेल. ओलांडून झाल्यावर लगेच डावीकडे कापू नका आणि पुढे जाऊन वेग कमी करून गप्पाही मारू नका. त्याला ब्रेक लावावा लागला की त्याची लय गेली, आणि आठ टक्क्यांच्या चढावर ती परत मिळवणं म्हणजे शून्यापासून सुरुवात. पाठीवर हात ठेवून ढकलणं तर विचारल्याशिवाय कधीच नको.

बोलण्यापेक्षा ऐकणं कधी कधी जास्त उपयोगी पडतं. शेजारून जाताना कान द्या. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘घस्’ असा आवाज येत असेल तर रिम वाकडी होऊन ब्रेकच्या पॅडला घासतेय. वजनदार माणसाच्या मागच्या चाकात हे फार होतं, बहुतेक वेळा एखादा स्पोक सैल पडल्यामुळे किंवा तुटल्यामुळे. म्हणजे बिचारा अर्धा घाट ब्रेक लावून चढतोय! पेडलच्या फेऱ्याला ‘टिक्’ येत असेल तर क्रँक (पेडलची दांडी) किंवा पेडल सैल. मागचं टायर खाली बसकं दिसत असेल तर हवा कमी. बत्तीस मिलिमीटरच्या टायरला बासष्ट किलोवाल्याला पन्नास-पंचावन्न पीएसआय हवा पुरते, शंभर किलोला मागे सत्तरच्या आसपास लागते. ‘मागचं चाक घासतंय, वर बघू’ हे वाक्य चार सेकंदांत आरामात बसतं, आणि त्यात त्याच्या शरीराविषयी चकार शब्द नाही.

कुणी उतरून सायकल ढकलत असेल तर? ‘सायकल ठीक?’ एवढंच विचारा. हा प्रश्न माणसाला कमीपणा देत नाही, शिवाय खरोखरच चेन पडलेली असू शकते. ढकलत चालणं म्हणजे हार वगैरे काही नाही. चालण्याचा वेग चार, चढण्याचा सहा, असं किती मोठं अंतर पडतं? दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची फेरी) साडेतेरा तास मिळतात, त्यात थोडा घाट चालत गेलं तरी माणूस वेळेत पोचतो. पुन्हा सायकलवर बसायला मात्र खड्या चढावर सहज जमत नाही. मागेपुढे गाडी नाही असं बघून सायकल रस्त्याला तिरपी लावायची, दोन्ही ब्रेक दाबायचे, एक पेडल वर-पुढे आणून त्यावर पाय देत ब्रेक सोडायचे. हे दाखवायला थांबलात तर हरकत नाही.

एका बाबतीत मात्र गंमत नको. १६५ वॉट पायांतून निघतात तेव्हा त्याच्या तिप्पट-चौपट उष्णता अंगातच तयार होत असते, आणि ताशी सातच्या वेगाला वारा असा लागतच नाही. माळव्यातला एप्रिल-मे असेल तर अंगात भट्टीच. ऊन असून अंगावर शहारे, बडबडीत गोंधळ, चालण्यात झोक, छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, यांतलं काहीही दिसलं तर प्रोत्साहन बंद. सावलीत बसवा. छातीत दडपण किंवा कळ असेल, किंवा बोलण्यात गोंधळ असेल, तर वाट न बघता १०८ला फोन करा. उन्हाने गळपटलेला असेल तर मानेवर-काखेत पाणी घाला. ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणणारा तिथे नसावा.

आणि ग्रुपची सोय. पाच किलोमीटरचा चढ, एकाला पंचवीस मिनिटं लागणार, दुसऱ्याला सदतीस-अडतीस. मग खालच्या चहावरून त्याला बारा मिनिटं आधी सोडा, सगळे जवळपास एकदम दरवाज्यापाशी पोचतात आणि चार सेकंदांचा प्रश्नच उरत नाही. हे जमलं नाही तर निदान वरची वाईट खोड सोडा: पुढे पोचलेले बारा मिनिटं केळी सोलत बसतात, मागचा पोचतो, आणि ‘आले का? चला!’ म्हणत सगळे हेल्मेट चढवतात. ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात जास्त, त्याला ती शून्य. शेवटचा आला की घड्याळ तिथून सुरू. दहा मिनिटं, बाटलीत पाणी, ओआरएस, एक केळं. तेवढ्यात बाकीच्यांनी त्याचं मागचं चाक उचलून फिरवून बघावं, स्पोक एकेक दाबून सैल कुठला ते शोधावं, आणि महूपर्यंत निभेल इतपत ब्रेक सैल करून द्यावा.